ऊसतोडीच्या टोळीतील मुले आणि बागाईतदाराचे कर्तव्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. त्याच वेळी पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून तोडणीच्या टोळ्या राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कोपरगाव व संगमनेर या बागाईत भागाकडे निघतात. टोळीची मोजणी कोयत्यांवर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयते किती, उचल किती, टन किती, हे सर्व लिहिलेले असते. त्यांच्याबरोबर आलेली मुले मात्र कोणाच्याच वहीत नसतात. या मुलांच्या शिक्षणासाठी ज्याचा ऊस तुटतो त्या बागाईतदारास काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नुकसान किती होते?

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. सबब आधी हिशेब मांडतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याअन्वये पहिली ते पाचवीस वर्षाचे निदान 200 दिवस व सहावी ते आठवीस 220 दिवस शाळा भरली पाहिजे. टोळीतील मूल जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत शाळेत बसते, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, घरी परतते. त्याच्या पदरी वर्षाचे सुमारे शंभरच दिवस पडतात. पाच इयत्ता झाल्या तरी त्याची शाळा अडीच वर्षांचीच होते. हातच्याची वजाबाकी कच्ची राहिलेल्या मुलास भागाकार समजत नाही. ते वर्गात मागे पडते, लाजते व अखेर शाळा सोडते. मुलगा मोळ्या वाहू लागतो. मुलीस घरी एकटी कशी ठेवावी म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. मग नवा कोयता आणि नवी उचल. बापाची गरज येणेप्रमाणे लेकराच्या वाट्यास येते.

शाळा जवळ असून मुले का जात नाहीत?

बैलगाडीच्या टोळ्या बहुधा कारखान्याच्या आसपास एका अड्ड्यावर हंगामभर राहतात. त्यांच्या मुलांसाठी पूर्वी साखरशाळा निघाल्या व त्यांचा उपयोगही झाला. परंतु ट्रक व ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरतात. आज या शिवारात कोपी, पंधरवड्याने दुसऱ्या. त्यांस कारखान्यावरील शाळा कशी पुरणार? त्यांचा आधार म्हणजे ज्या गावी फड पडला त्या गावची शाळा.

ती शाळा त्यांस बंद नाही. दाखला यावयास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, एवढ्यावरून मुलास प्रवेश नाकारता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट आहे. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलासही घ्यावे लागते, आणि वयास योग्य त्या वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याची तजवीज करावी लागते. खरी अडचण निराळीच आहे. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. कोपीत तान्हे मूल उरते. त्यास सांभाळावयास थोरली मुलगी लागते. वाहन रात्री आले तर रात्रीच भरावे लागते. अशा आई-बापांनी शाळेची वाट विचारावी केव्हा?

बागाईतदाराने काय करावे?

1. टोळी आपल्या गटात येणार असे कळताच मुकादमाकडून मुलांची नावे, वये व इयत्ता लिहून घ्याव्या व तो कागद मुख्याध्यापकांस व शाळा व्यवस्थापन समितीस द्यावा.

2. कोप्या आडरानात न घालता वस्तीजवळ, रस्त्यालगत व पाण्याच्या सोयीने घालू द्याव्या. मूल पायी शाळेत पोहोचेल एवढे अंतर असावे.

3. लहानग्यांस गावच्या अंगणवाडीत पोहोचविण्याची खटपट करावी. तान्हे मूल सांभाळले गेल्याशिवाय थोरली मुलगी शाळेत जाणार नाही. टोळीतील एखादी म्हातारी बाई सावलीस बसून मुले सांभाळील, तर तिच्या मजुरीचा भार बागाईतदारांनी वाटून घ्यावा.

4. आई-बापांस सांगावे की आठवीपर्यंतच्या मुलास शाळेत दुपारचे अन्न मिळते. उपदेशापेक्षा ही गोष्ट त्यांस लवकर पटते.

5. वाढे बांधणे, जनावरे वळणे अशी कामे मुलांस सांगू नयेत.

6. टोळी हलताना मुख्याध्यापकांकडून हजेरीची चिठ्ठी घेऊन पालकांच्या हाती द्यावी. पुढील गावी व परत घरी तीच उपयोगी पडते.

पाथर्डी-जामखेडकडील वाचकांस वेगळी विनंती आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. तीत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे योजिली असून पहिल्या टप्प्यात हे दोन्ही तालुके होते. टोळी निघण्यापूर्वीच आपल्या गावातील मुलामुलींचे अर्ज भरवावे. मूल घरच्या शाळेत राहिले तर सर्वांत उत्तम.

तीन आक्षेप

कोणी म्हणेल, टोळ्या आमच्याकडून खुशाली उकळतात, त्यांचे आम्ही काय लागतो? खुशालीची तक्रार खरी आहे व ती कारखान्याकडे जरूर न्यावी. पण ती मुलाने घेतलेली नाही.

दुसरा म्हणेल, पंधरा दिवसांत मूल काय शिकणार? एका गावापुरते पाहिल्यास थोडेच. परंतु हंगामाचे पाच महिने म्हणजे दहा गावांचे पंधरा-पंधरा दिवसच होत. प्रत्येक गावाने आपले पंधरा दिवस सांभाळले तर मुलाचे वर्ष पुरे होते. प्रत्येकाने ते क्षुल्लक मानले तर वर्ष बुडते.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही: ही मुले शिकली तर ऊस कोण तोडील? त्याने आपलाच इतिहास आठवावा. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे कालवे ज्या अंगास वळले तेथे ऊस पिकला. पाथर्डीच्या माळास ते पाणी पोहोचले नाही. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने 1950 साली लोणीस सहकारी कारखाना सुरू झाला, आणि सावकाराच्या वहीतून सुटलेल्या शेतकऱ्यांची मुले शाळा-कॉलेजांत गेली. ती शिकली तर नांगर कोण धरील, असे म्हणून कोणी त्यांस अडविले असते तर आज आपण कोठे असतो?

यंदा आपल्या शिवारात टोळी उतरेल तेव्हा कोयते मोजून झाल्यावर मुलेही मोजावी, व तो आकडा त्याच दिवशी शाळेत कळवावा. पुढची सर्व कामे त्या एका कागदापासून सुरू होतात.