मुकी शिळा बोलू लागते

मुलांनो, आमच्या सरावली गावाच्या दक्षिणेस, पालघर जिल्ह्यातच, सोपारा हे प्राचीन बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा भग्न शिलाखंड सापडला. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी १८३७ सालीच उलगडली होती; म्हणून तो वाचता आला.

इजिप्तची चित्रलिपीही अशीच शतकानुशतके मुकी होती. १७९९ साली रोझेटा येथे एक शिळा मिळाली. तिच्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता. त्यांपैकी ग्रीक विद्वानांना अवगत होती. लंबवर्तुळातील ‘टॉलेमी’ हे राजनाम ताडून पाहत शांपोल्याँ या फ्रेंच पंडिताने १८२२ साली लिपीचे मर्म उकलले. कॉप्टिक ही जुन्या इजिप्शियन भाषेची कन्या. तिचे अध्ययन त्याने किशोरवयापासून केले होते. ते येथे फळास आले.

नवल असे, की गिरनारच्या अशोकलेखात ‘तुरमाय’ राजाचा उल्लेख आहे. तो त्याच घराण्यातील इजिप्तचा टॉलेमी! दूरदेशीची विद्या घरचा इतिहासही उजळते. म्हणूनच विद्यापीठांत अशा भाषा आजही शिकवतात. शिकणारा उरला नाही, तर शिळा पुन्हा मुकी होईल.

स्वाध्याय : शांपोल्याँला कॉप्टिक भाषेचा उपयोग का झाला?