एपिऊसिओस: एस्तरला पत्र

चि. एस्तर हीस,


प्रभूच्या प्रार्थनेवरचा तुझा संदेश वाचला. ‘रोजची भाकर’ यातल्या ‘एपिऊसिओस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वर्गीय’, म्हणून ही भाकर पोटाची नव्हेच, असं तू लिहिलंस. व्यासपीठावरून हे इतक्या ठामपणे सांगू नकोस गं.

नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३, तेही याच प्रार्थनेत. जुना ख्रिस्ती पंडित ओरिगेन, त्याची तर रोजची भाषा ग्रीक. तरी तिसऱ्या शतकात त्यानेच लिहून ठेवलं, की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात मिळतो, ना लोकांच्या बोलण्यात. बायबलच्या लॅटिन अनुवादात जेरोमने लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ केलं. तुझा अर्थ तिथलाच. पण ‘इब्री लोकांचे शुभवर्तमान’ या बायबलबाहेरच्या जुन्या ग्रंथात आपल्याला ‘उद्याची’ असा शब्द आढळला, हेही जेरोमनेच नोंदवलंय.

पुढे इजिप्तमधल्या खर्चाच्या एका जुन्या यादीत हा शब्द असल्याचं सांगितलं गेलं, आणि अभ्यासकांनी तो दाखला धरला. मग ते पपायरसच गहाळ झालं. १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते पुन्हा हाती लागलं. नीट वाचलं तर त्या जागी तेलाचा शब्द निघाला!

मला स्वतःला ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ पटतो. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणायला याच्या अगदी जवळचा शब्द आहे. पण हे माझं मत. मंडळीला मत म्हणूनच सांग. तुझ्यासमोर रोजंदारीवर जाणाऱ्या बाया बसतात. डब्यात सकाळपुरतं पीठ आहे का, हे बघून त्या निजतात. त्यांच्या प्रार्थनेतली भाकर काढून घेण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात उद्याची चिंता करू नका असंही येतं. मग उद्याची भाकर मागायची कशी? यावर बोल. ते बायांना कळेल, कारण तो प्रश्न त्यांचाच आहे.

ग्रीक जड जातंय म्हणून सोडू मात्र नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाचा एवढा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

संदेशासाठी निर्गमचा १६वा अध्याय, रोजच्या रोज मिळणाऱ्या मान्न्याचा, पुन्हा वाच. नवा मसुदा बुधवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा