पॉक्सो कायदा आणि आपली शाळा : कलम १९ वाचलंय का?



आमच्या शाळेच्या पालक सभेत मी 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा विषय घेतला, तेव्हा मागच्या रांगेतले एक रिक्षावाले पालक उठून म्हणाले, "बाई, कायदा आहे ना सरकारचा? मग पोरींना कशाला घाबरवायचं?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर द्यायला उभी राहिले आणि लक्षात आलं, की हा कायदा मलाच नीट सांगता येत नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले, पाठ टाचण शिकले, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर बसून वाचलं. त्यातलं जे शिक्षकाच्या आणि पालकाच्या कामाचं वाटलं, ते इथे मांडते.

आधी थोडं मागे जाऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेत मुलीचं संमतीवय होतं दहा वर्षं. म्हणजे आपल्या चौथी-पाचवीतल्या मुलीएवढं! मुंबईत बेहरामजी मलबारींनी या प्रश्नावर रान उठवलं, रखमाबाईंनी नको असलेल्या बालविवाहाविरुद्ध कोर्टात लढा दिला. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचारात मेली. मग १८९१ मध्ये वय दहाचं बारा झालं. त्या एवढ्याशा बदलासाठीही महाराष्ट्रात केवढा वाद पेटला होता. आगरकर आणि डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. आपण इतिहासाच्या पुस्तकात हा वाद 'आधी राजकीय की आधी सामाजिक' अशा एका ओळीत शिकवतो. ती ओळ कोणत्या वयाच्या मुलीबद्दल होती, हे मात्र सांगत नाही.

पुढे वय वाढत गेलं, पण मुलांसाठी वेगळा कायदा यायला २०१२ साल उजाडलं. तोवर कसं चालायचं? बलात्काराचं कलम फक्त स्त्रीसाठी. त्याहून 'कमी' काही घडलं तर विनयभंगाचं कलम ३५४, आणि त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. चार वर्षांच्या लेकराचा 'विनय' म्हणजे काय, हे ठरवत बसायचं. आणि मुलगा असेल तर? त्याच्यासाठी कलम ३७७ सोडलं तर जवळजवळ काहीच नव्हतं. शेजारच्या गोव्यात १९९१ मध्ये फ्रेडी पीट्स नावाचा माणूस पकडला गेला. अनाथ मुलांना आसरा देतो म्हणून त्याला मान होता, आणि तो त्या मुलांचाच वापर करत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या अनुभवातून गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, देशाच्या नऊ वर्षं आधी.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, मुलगा असो की मुलगी. आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही काहींना वाटतं की हा 'मुलींचा कायदा' आहे. तसं नाही. आणखी एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, पण माहीत हवी. गुन्हा करणारा शाळेचा कर्मचारी असेल, किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल, तर तो जास्त गंभीर गुन्हा धरला जातो आणि शिक्षाही जास्त. म्हणजे प्राथमिक शाळेत घडलेली घटना जवळजवळ नेहमी त्याच वर्गात मोडते.

कायदा झाला म्हणून सगळं झालं का? नाही. नागपूरचं उदाहरण बघा. २०१६ मध्ये बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून एका माणसाने घरात नेलं आणि तिच्या अंगाला हात लावला. सत्र न्यायालयाने पॉक्सोखाली तीन वर्षं शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फिरवली. कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून हा पॉक्सोतला लैंगिक हल्ला नाही, असा अर्थ लावला गेला आणि फक्त विनयभंगाची एक वर्षाची शिक्षा उरली. तेव्हा हे वाचून मी सुन्न झाले होते. वर्गात आपण सांगतो, 'कपड्यावरून हात लावला तरी ओरडायचं', आणि कोर्ट म्हणतं कपड्यावरून चालतं? देशभर आवाज उठला. महान्यायवादी स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले, महिला आयोग गेला, महाराष्ट्र शासनही गेलं. आठवडाभरातच स्थगिती मिळाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की महत्त्वाचा आहे तो स्पर्शामागचा लैंगिक हेतू. मधे कापड होतं की नाही हे नाही. तीन वर्षांची शिक्षा परत कायम झाली.

आता आपल्या कलमाकडे येते. कलम १९.

असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. 'कळवावं' नाही, कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलं आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे माझी जबाबदारी संपली, असं या कलमात कुठेही नाही. मी तीनदा वाचलं.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघडकीस आलं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांना हे कळलं होतं, तरी त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. माहीत असून न कळवणं हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे आणि त्याने गुन्हेगाराला आसरा मिळतो, असं न्यायालयाने म्हटलं.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेचं स्वच्छतागृह, आणि शाळेतलाच सफाई कर्मचारी आरोपी. पालकांना तक्रार नोंदवून घ्यायला कित्येक तास पोलीस ठाण्यात थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, संस्थाचालकांवरही न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणजे त्याच्यावरचा खटला कधी चाललाच नाही. लोकांनी पेढे वाटले. मला पेढे वाटावेसे वाटले नाहीत. दडवणारे कोण, उशीर कुणी केला, हे सगळं त्या खटल्यात पुराव्यानिशी पुढे आलं असतं.

मी स्वतः कुठे आहे यात? काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, तिसरीतली एक मुलगी शिकवणीला जायचं नाही म्हणून मधल्या सुट्टीत रडत होती. विचारलं तर म्हणाली, "सर मांडीवर बसवतात." मी वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं, "शाळेबाहेरचं आहे, आपण पडायचं नाही. मुलीचं नाव खराब होईल." मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून १०९८ ला फोन लावला. पुढचं सगळं रीतसर झालं, ती मुलगी शाळेत येत राहिली. पण त्या दोन दिवसांतही ती संध्याकाळी शिकवणीला गेली होती. तेव्हा मला कलम १९ माहीत नव्हतं, हे कारण आहे, सबब नाही.

मूल सांगतं तेव्हा आपली पहिली चूक म्हणजे दहा प्रश्न विचारणं. 'नक्की का? कुठे? कुणासमोर?' नको. मुलाला बोलू द्यावं, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत, आणि 'तू सांगितलंस, बरं केलंस' एवढं म्हणावं. वर्गासमोर विचारू नये, आरोपीला बोलावून समोरासमोर तर अजिबात करू नये. पोलीस ठाण्याची भीती पालकांना फार असते, म्हणून हे सांगाच: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. कोर्टात मुलाला आरोपी दिसणार नाही अशी सोय करायची असते, आणि नाव कुठेही छापता येत नाही. यातलं काही होत नसेल तर कलम दाखवून मागता येतं. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, त्यातून अर्थसाहाय्य मिळतं.

सुधारणा म्हटलं की आपल्याकडे शिक्षा वाढवतात. २०१९ मध्ये पॉक्सोत फाशीपर्यंत शिक्षा आली. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झालंच नाही. माझं मत विचाराल तर, नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, मामेभाऊ. फाशीचं नाव काढलं की घर आणखी गप्प होतं. 'आपल्याच माणसाला फासावर द्यायचं का?' खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असं २०१२ च्या कायद्यातच लिहिलं आहे. तेवढं पाळलं गेलं तरी खूप झालं.

आपल्या सोलापूर भागात याला आणखी एक पदर आहे, तो बालविवाहाचा. २०१७ पर्यंत पंधरा ते अठरा वर्षांच्या 'बायको'शी नवऱ्याने काहीही केलं तरी बलात्कार धरत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. आता सोळा वर्षांची मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात आली की डॉक्टरला कळवावंच लागतं. मग आईबाप आधारवरचं वय लपवतात, नाहीतर दवाखानाच टाळतात, आणि मुलीच्या जिवावर बेततं. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना विचारलं तर म्हणतात, "पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची बाई?" याचं उत्तर कलमात नाही, हंगामी वसतिगृहात आहे. आणि ते सुरक्षित असलं तरच.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय आला: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, आणि घटना घडल्यास चोवीस तासांत वर कळवणं. आमच्याकडे पेटी बसली. भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर. पहिलीतल्या मुलाचा हात पोचत नाही आणि पोचला तरी त्याला अजून लिहिता येत नाही. किल्ली कार्यालयात असते, म्हणजे तक्रार कार्यालयातल्या माणसाबद्दलच असेल तर संपलंच. समितीच्या येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे. पेटी खाली आणावी, चित्र काढून टाकलं तरी चालेल असं मुलांना सांगावं, आणि पेटी उघडताना एक पालक प्रतिनिधी हजर असावा. त्या रिक्षावाल्या पालकांचं नाव मी सुचवलं आहे. ते हो म्हणालेत.