घरी निघताना ठरवलेलं वाक्य

आजचं वाचन : लूक 15:11-32

उधळ्या पुत्राचा दाखला वाचताना आपलं लक्ष थेट बापाच्या मिठीकडे जातं. आज थोडं आधी थांबू या, डुकरं चारतो आहे तिथे. कन्फेशनला जाताना आपण सहसा जे करत नाही ते हा मुलगा करतो : बापापुढे काय बोलायचं ते आधी ठरवतो.

देवाविरुद्ध आणि बापाविरुद्ध आपण पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी उरली नाही, मजूर म्हणून ठेवून घ्यावं. बस्स, एवढंच. दुष्काळ पडला होता, कोणी खायला देत नव्हतं, हे सगळं खरं होतं, पण ते वाक्यात नाही. आणि निघाला तो भुकेपोटी, बरं का! ख्रिस्तसभाही शिकवते की, पापाची किळस किंवा शिक्षेची भीती यांतून आलेला अपूर्ण पश्चात्तापही या संस्कारात क्षमेसाठी पुरतो. म्हणून डोळ्यांत पाणी येत नाही या कारणाने थांबू नका.

आपली वाक्यं मात्र लांबतात. ‘ऑफिसात सगळेच करतात’, ‘आधी आईच ओरडली’... ही दुसऱ्यांची पापं झाली. ‘मी खोटी बिलं लावली, तीन वेळा.’ ‘मी महिनाभर आईशी बोललो नाही.’ गंभीर पाप असेल तर प्रकार आणि आठवेल तशी संख्या सांगायची. खरोखर विसरलेल्या पापाचीही क्षमा होते. ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगावं. मुद्दाम लपवलं तर मात्र कन्फेशनच फोल ठरतं.

‘पण फादर मला ओळखतात, युथ ग्रुपमध्ये भेटतात!’ ही खरी अडचण. कॅनन 983 प्रमाणे धर्मगुरू शब्दाने वा खुणेनेही, कोणत्याही कारणासाठी, ऐकलेलं उघड करू शकत नाहीत. कॅनन 984 त्याहून पुढे जातो : गुपित फुटणार नसलं तरी ती माहिती तुमच्या नुकसानीसाठी वापरायलाही मनाई आहे. तरीही जड जात असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, बिनधास्त.

आता पुन्हा दाखल्याकडे. मुलगा ठरवलेलं बोलू लागतो, पण मजुराची गोष्ट ओठांवर यायच्या आत बाप नोकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. मला वाटतं, आपण अडकतो ते याच मजुराच्या वाक्यात. कित्येक जण वर्षानुवर्षं मिस्साला येतात, दाराशी उभे राहतात आणि कम्युनियनला पुढे जात नाहीत. कोणी अडवलेलं नसतं. मजुराची जागा त्यांनी स्वतःच घेतलेली असते.

आज रात्री दहा मिनिटं काढा. कागद घ्या (फोन नको, कागद नंतर फाडता येतो). शेवटचं कन्फेशन साधारण कधी झालं ते लिहा, मग ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं. पश्चात्तापाची प्रार्थना विसरली असेल तर फादरांना तसं सरळ सांगा, ते म्हणवून घेतील.