चावीमागच्या चार वायरी

आजोळच्या गोठ्यात आता गुरं नाहीत, आजोबांची जीप आहे. महिंद्राची, पेट्रोलवर चालणारी सीजे-थ्री-बी. मामाने जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलं. घरच्या जीपची पाळी आली ती तो निवृत्त झाल्यावर, आणि तीसुद्धा भाची हट्टाला पेटली म्हणून.

भाची : मामा, ही जीप खोडीलच आहे. चावी फिरवून धरली की सेल्फ नुसता घरघरतो, इंजिन पकडतच नाही. कंटाळून चावी सोडावी, तर नेमकी तेव्हा एक हिसका देते आणि कधीकधी सुरूही होते.

मामा : ‘सोडली की’ हे बरं टिपलंस. निम्मं दुखणं तिथेच कळलं. आता सांग, चावी काय करते?

भाची : इंजिन सुरू करते.

मामा : छे! चावी म्हणजे आपल्या कालव्यावरचा पाटकरी. पाणी त्याचं नाही, शेतही त्याचं नाही. कोणती चारी कधी उघडायची, एवढंच त्याच्या हातात. चल, आधी बॅटरीची मायनस केबल काढ.

भाची : मायनसच का? प्लस काढली तर?

मामा : गाडीचं सगळं लोखंड मायनसला जोडलेलं आहे. प्लसचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांची दिवाळी. मायनस आधी सुटली की ती भीती नाही. जोडताना मात्र ती शेवटी. हं, आता डॅशबोर्डखाली डोकं घाल. स्विचच्या पाठीवर किती स्क्रू दिसतात?

भाची : चार. बी, आयजी, एसीसी आणि एसटी.

मामा : हा स्विच मूळचा नाही, नंतर कोणीतरी बसवलेला आहे. लढाईतल्या विलीज जीपला तर सहा व्होल्टची बॅटरी असायची. स्विचने फक्त कॉइल चालू करायची, सेल्फ मारायचा पायाने, तळातलं बटण दाबून. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीजचे सुटे भाग जोडून जीप बनवायला घेतल्या. ही त्याच घराण्यातली, पण इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ इतकंच बनलं. आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिलं.

भाची : इतिहास राहू दे रे, स्क्रू सांग.

मामा : ‘बी’वर बॅटरीची वायर. ती सेल्फच्या जाड बोल्टावरून निघते, अ‍ॅमीटरमधून फिरून इथे येते. चावी खिशात असली तरी ती जिवंतच. म्हणून ती उघडी सोडायची नाही, कधीच नाही. ‘आयजी’ म्हणजे इग्निशन, कॉइलकडे जाणारी. ‘एसीसी’वर रेडिओ, पंखा असले शौक. आणि ‘एसटी’ सेल्फसाठी.

भाची : म्हणजे सेल्फचा सगळा करंट या बोटभर स्विचमधून जातो?

मामा : गेला तर स्विच वितळेल. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो. म्हणून मध्ये सोलेनॉइड. एसटीची बारीक वायर त्याला फक्त जागं करते. तो आतला तांब्याचा जाड संपर्क जोडतो आणि खरा लोंढा बॅटरीतून जाड केबलने थेट सेल्फला जातो. अ‍ॅमीटरलाही तो दिसत नाही.

भाची : आणि कॉइल?

मामा : ती तीन-चार अँपिअरवर खूश. बारा व्होल्ट कॉइलमध्ये शिरतात, डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमधून अर्थला उतरतात. पॉइंट उघडला की प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. तीच प्लगची ठिणगी. आता याच्या उलट बघ. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट नेमका मिटलेला राहिला, तर कॉइल तापत राहते. आजोबांनी गप्पांच्या नादात अशा दोन कॉइल जाळल्या.

भाची : मग शेजारच्या काकांची जुनी डिझेल जीप चावी काढली तरी धडधडत का राहते?

मामा : डिझेलला ठिणगी लागतच नाही. पंप यांत्रिक असेल तर इंधन तोडल्याशिवाय ते थांबत नाही, म्हणून वेगळी ओढदोरी असते. त्या गाडीत चावीचा मान निम्माच.

भाची : बरं, आपल्या जीपचं काय?

मामा : टेस्ट लॅम्प आण. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, दुसरं काही लागत नाही. बॅटरी परत जोड, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या प्लसला. चावी एक घर फिरवतो. लागला?

भाची : लागला. छान उजेड आहे.

मामा : आता सेल्फ मारतो, बघत राहा.

भाची : विझला! सेल्फ फिरतोय, पण बल्ब पार काळोखा. आता सोडलीस, तर परत लागला.

मामा : म्हणजे सेल्फ फिरतो तेवढा वेळ कॉइल उपाशी. चावी सोडली की तिला वीज मिळते, आणि इंजिन अजून गरगरत असेल तर पकडतं. तुझा हिसका तो हा. आता बॅटरी काढ आणि कॉइलची वायर स्विचच्या कुठल्या स्क्रूवर बसलीय ते वाच.

भाची : अं... एसीसी!

मामा : बघ. सेल्फ मारताना रेडिओ-पंख्याने बॅटरी खाऊ नये म्हणून स्विच त्या वेळी एसीसी मुद्दाम तोडतो. आयजी मात्र दोन्ही घरांत जिवंत ठेवतो. ज्याने हा स्विच बसवला त्याने चावी चालू करून बल्ब पाहिला, लागला म्हणून खूश झाला आणि निघून गेला. सेल्फ मारून बघायचा कंटाळा! वायरिंगची निम्मी भांडणं असल्या कंटाळ्यातून होतात.

भाची : आणि मी नवा स्विच मागवणार होते.

मामा : मागवला असतास आणि पुन्हा त्याच स्क्रूवर वायर लावली असतीस. थांब, बसवण्याआधी त्या वायरीचं टोक पॉलिश पेपरने घासून घे, हिरवं पडलंय. अशा सांध्यात दशांश ओहमचा अडथळा राहिला आणि त्यातून दहा अँपिअर गेले, तर एक व्होल्ट तिथेच मरतो आणि दहा वॅटची उष्णता त्या स्क्रूवर निघते. प्लास्टिक पिवळं पडलेले स्विच पाहिलेस ना? ते असेच भाजतात. शिवाय पुढचे दिवे कधी चावीवर घेतलेस तर सेल्फच्या सोलेनॉइडसारखाच मध्ये एक रिले टाक.

भाची : झालं. आयजीवर घट्ट बसवली, मायनसही जोडली. मारू?

पहिल्या फेऱ्यातच इंजिनाने पकडलं. नवा स्विच मागवलाच नाही. सगळा खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा, आणि तोही मामाच्या जुन्या डब्यातला.