तलंग पेंगायला लागली की

श्रावणाची झड लागलेली असते. दिवेलागणीला कोंबड्या कोंडायला जावं, तर चार-पाच महिन्यांची एखादी तलंग कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आखडून बसलेली. कण्या टाकल्या तरी उठत नाही. ‘सकाळी बघू’ म्हणून आपण खुराड्याचं दार लावतो, आणि तेच महागात पडतं. कळपात दुबळीला बाकीच्या टोचतात. म्हणून अंगात बळ असेपर्यंत कोंबडी आजार दाखवतच नाही. ती उघड पेंगायला लागली म्हणजे दुखणं बहुधा आधीपासून मुरलेलं असतं. म्हणून जे करायचं ते त्याच संध्याकाळी करा.

आधी तिला वेगळी काढा. डालगं किंवा पुठ्ठ्याचं खोकं चालेल. तळाला कोरडं पोतं, त्यावर जुनं वर्तमानपत्र. जागा वारा-ओल न लागणारी हवी. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41-42 अंश सेल्सिअस असतं. आजारी पाखराची सगळी ताकद ते टिकवण्यातच जाते. खोक्याच्या एकाच बाजूला बल्ब लावा, म्हणजे ऊब नको झाली तर तिला सरकता येईल. कोमट पाण्यात ओआरएस कालवून वाटी समोर ठेवा. पीत नसेल तर चोचीचं टोक फक्त बुडवा, घशात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जातं. माझी एक तलंग अशी माझ्याच हातात गेली, म्हणून कळकळीनं सांगतो.

सकाळी वर्तमानपत्र नीट पाहा, रोगाचा माग तिथेच लागतो. निरोगी शीट तपकिरी-हिरवट, घट्टसर आणि वर पांढरी टोपी घातल्यासारखी असते. मधूनच एखादी चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची पडते. तीही ठीकच असते, घाबरू नका. लालसर किंवा रक्ताळलेली दिसली तर रक्ती हगवणीचा संशय घ्या. पावसाळ्यात लहान पिल्लांना आणि तलंगांना हा रोग फार छळतो, कारण त्याचे जंतू ओल्या तुसात दोन-तीन दिवसांत पोसतात आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून देतात. मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्या. पण औषध दिलं आणि खुराड्यातला तूस ओलाच राहिला, तर रोग परत येणार. भिजलेला तूस काढून टाका, नवा कोरडा पसरा आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेवा.

त्याच सकाळी, दाणा टाकण्याआधी, गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. कडक गोळा लागला तर आत गवत-दोरा अडकलेला असतो; मऊ, पाणथळ आणि आंबूस वास असेल तर आतलं खाणं आंबलेलं असतं. मग छातीचं हाड बघा. ते सुरीसारखं हाताला लागलं तर जंत किंवा जुनं दुखणं असू शकतं. तुऱ्याच्या रंगावरून मात्र घाई करू नका. अंड्यावर न आलेल्या तलंगेचा तुरा फिकाच असतो. तो तिच्याच उबवणीतल्या बहिणींशी ताडून पाहा. रात्री टॉर्च घेऊन पंखाखाली आणि बसायच्या काठीच्या फटीत शोधा. रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा फटीत लपतात नि रात्री अंगावर चढतात.

पहिल्या अंड्याला आलेली तलंग शेपूट खाली-वर करत कुंथत असेल, तर अंडं अडकलं असावं. पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात तिला वीसेक मिनिटं बसवा. अंडं आत फोडू नका. तेवढ्यानं सुटलं नाही तर दवाखाना गाठा.

हिरवी पातळ शीट, तोंड उघडून धापा आणि पिरगळलेली मान ही राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लक्षणं. तिच्यावर औषध नाही. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसी, हाच उपाय. कुपी शंभर-शंभर डोसची येते. म्हणून दहा कोंबड्यांसाठी कोण आणतो, असं होऊन लस राहून जाते. वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा, बर्फात आणा आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवा. आजारी पाखराला मात्र लस टोचू नका.

घरातल्या माणसांच्या उरल्यासुरल्या गोळ्या कोंबडीला घालू नका. पशुवैद्यकानं औषध दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्यालाच विचारून घ्या.

एकदम तीन-चार पाखरं मेली तर हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 वर कळवा. 2006 साली नवापुरात आलेली बर्ड फ्लूची साथ आपल्याकडचे कोंबडीवाले विसरलेले नाहीत. आजारी कोंबडी बाजारात विकू नका. मेलेली ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरा, आणि हात साबणानं धुवा.

तलंग बरी झाली, दाणे टिपायला लागली, तरी दोन-तीन दिवस वेगळीच ठेवा. मग रात्री अंधारात हळूच बाकीच्यांच्या शेजारी काठीवर बसवा. दिवसाउजेडी सोडली तर कळप तिला परकी समजून टोचतो.