मूर्ख लक्षणे: वाचायची कोणासाठी?

॥ श्री ॥



मागच्या आठवड्यात ग्रुपवर एक मेसेज फिरला. आजकालच्या पिढीला रीत नाही, मोठ्यांचा मान नाही, कामाची चाड नाही. बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आम्हीही दोन हात जोडले, खोटं कशाला बोला! म्हणून या वेळचा अभ्यास याच विषयावर.

दासबोधाचे २० दशक, २०० समास. त्यातल्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्ख लक्षणांचा. दोघे बोलत असताना तिसरा जाऊन मध्ये बसतो, तो मूर्ख. भांडण चाललेलं असताना सोडवायचं सोडून मजा बघत उभा राहतो, तो मूर्ख. आज फक्त हातात मोबाईल आलाय, एवढाच फरक! म्हणजे समर्थांच्या काळी, सतराव्या शतकातही, ही माणसं होतीच. "पूर्वी असं नव्हतं" हे आपलं पालुपद तिथेच ढिलं पडतं.

त्याच समासात आणखी एक लक्षण आहे: स्वतःचीच स्तुती करतो आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसतो. आम्हां इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या मराठी घरांना हे जरा लागतंच. पणजोबा दरबारात कोण होते ते आपण पाहुण्याला चहा यायच्या आत सांगून मोकळे होतो. आपण काय केलं, ते मात्र राहून जातं.

आता आमच्या घरच्या पाठाची गोष्ट. नात्यातली एक मुलगी, कॉलेजात शिकणारी, आपणहून म्हणाली, "आज मी वाचते." शिक्षण सगळं इंग्रजीत, घराबाहेर हिंदी. जुनी मराठी अडखळत वाचू लागली. आम्ही दर ओळीला टोकलं. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "यांना धड मराठीसुद्धा वाचता येत नाही, पुढे काय होणार!" मुलीने पोथी हळूच खाली ठेवली. पुढचे दोन गुरुवार ती आली नाही.

तिसऱ्या गुरुवारी वाचनात आलं: अक्षरं गाळून वाचतो तो मूर्ख. आमच्या मनात तीच मुलगी आली. पण त्याच समासात हेही आहे की जो स्वतः वाचत नाही आणि दुसऱ्याला वाचू देत नाही, तोही मूर्खच. घरात कोणी बोलेना. तिला मराठी शिकवायची कोणी होती? आम्हीच ना?

समासाच्या शेवटी समर्थ सांगतात की ही लक्षणं त्यागासाठी सांगितली. म्हणजे दुसऱ्याला मोजायला नव्हे, आपली आपण टाकायला. याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख येतो. त्याला सगळं कळतं, पण बोलणं एक आणि करणं दुसरं. शिस्तीवरचा मेसेज पुढे पाठवून कामावरच्या बाईंशी एकेरीत बोलणारे आपण कुठे बसतो, ज्याने त्याने बघावं.

कामाच्या बाबतीत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास जरूर वाचा. अक्षर कसं काढावं, एवढाच विषय. वाटोळं, मोकळं, शाई काळीभोर, ओळी सरळ. आणि पहिलं अक्षर जसं, तसंच ग्रंथ संपेपर्यंत, जणू एकाच टाकाने लिहिलेलं. सुरुवात सगळेच छान करतात. शेवटच्या पानावर माणूस कळतो. मग ते ऑफिसचं काम असो, नाहीतर घरातली भांडी.

त्या मुलीकडे आम्ही जाऊन आलो. "आमचं चुकलं गं" असं म्हणालो. ती काही बोलली नाही, पण या गुरुवारी आली. मागे बसली. वाचायचा आग्रह आम्ही केला नाही.

या आठवड्याचा अभ्यास:
१. दशक २, समास १ घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. लहानांनी वाचावं, मोठ्यांनी शेवटपर्यंत ऐकावं.
२. प्रत्येकाने आपलं स्वतःचं एकच लक्षण निवडावं. दुसऱ्याचं सांगायचं नाही!
३. ते सात दिवस सांभाळावं, आणि ग्रुपवर लिहू नये.

सद्गुरुचरणी हीच प्रार्थना, की दोष दिसावा तो आधी आपला.

॥ शुभं भवतु ॥